गावातल्या घराची ऑनलाइन किंमत: कितपत खरी आणि ती कशी तपासायची

मोबाइलवर पत्ता आणि क्षेत्रफळ टाकलं की अर्ध्या मिनिटात घराची किंमत समोर येते. नागपूर-पुण्यातल्या फ्लॅटसाठी हा आकडा बोलणी सुरू करायला चालतो. पण घर विदर्भातल्या आर्वी, दिग्रस, मूल, साकोली किंवा मेहकर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात असेल, तर तोच आकडा खऱ्या किमतीच्या दीडपट निघू शकतो, नाहीतर तिच्या खूप खाली राहतो. विकणारा त्याच्या भरवशावर दोन-दोन वर्षं गिऱ्हाइकं परत पाठवतो. भावाभावांच्या वाटणीत ज्याच्या वाट्याला घर येतं, तो न मिळालेल्या किमतीचे पैसे दुसऱ्या भावाला मोजतो. म्हणून हा आकडा कुठून येतो, कुठे फसतो आणि आपल्या मौज्यात तो किती चुकतो हे आधी समजून घ्या.

आकडा तयार कसा होतो

घराची किंमत सांगणारं कुठलंही साधन मुळात एकच काम करतं. आसपासच्या घरांचे दर गोळा करायचे आणि तुमचं घर त्यांच्यापेक्षा किती मोठं, किती जुनं, रस्त्यापासून किती दूर आहे ते पाहून दर वर-खाली करायचा. गणित भक्कम असतं. कच्चा माल मात्र भक्कम असायलाच हवा, आणि आपल्याकडे नेमका तोच कमी पडतो.

अमेरिकेत ‘झिलो’ २००६ पासून अशा किमती देतं आणि आपली चूक किती होते तेही जाहीर करतं. विक्रीला लावलेल्या घरांसाठी त्यांची मध्यक चूक सुमारे २ टक्के आहे, विक्रीला नसलेल्या घरांसाठी सुमारे ७ टक्के. मध्यक म्हणजे निम्म्या घरांची चूक त्याहून कमी आणि निम्म्यांची त्याहून जास्त. त्या दुसऱ्या निम्म्यात चूक १० टक्के आहे की ४० टक्के, हे मध्यक सांगत नाही. विक्रीला लावलेल्या घरांची चूक कमी दिसते, कारण मालकाने मागितलेली किंमत साधनाच्या हाती आलेली असते आणि आकडा तिकडे झुकतो. तिथल्या बहुतेक राज्यांत प्रत्यक्ष विक्रीची किंमत सरकारी दप्तरातून मिळते. इतकं असूनही या कंपनीने स्वतः घरं विकत घेऊन विकण्याचा व्यवसाय नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि घरांच्या किमतीचा पुढचा अंदाज नीट बांधता येत नाही हे कारण उघडपणे दिलं.

आपल्याकडच्या साइटवर दिसतात त्या मुख्यतः जाहिरातीतल्या किमती, म्हणजे मालकाने किंवा दलालाने मागितलेल्या. सौदा कितीत ठरला हे जाहिरातीत येत नाही. खेड्यातलं घर तर बहुतेक वेळा जाहिरातीविनाच विकलं जातं. पानठेल्यावर गोष्ट निघते, नातेवाईक किंवा शेजारी घेतो, सौदाचिठ्ठी होते आणि मग रजिस्ट्री. ऑनलाइन साधनाला या व्यवहाराचा पत्ताही नसतो.

आपल्या भागात तो कुठे फसतो

पहिला घोळ पिनकोडचा. विदर्भाचे पिनकोड ४४० ते ४४५ या आकड्यांनी सुरू होतात. शहरात एक पिन म्हणजे चार-पाच मोहल्ले. ग्रामीण भागात त्याच एका पिनखाली तालुक्याचं ठिकाण, महामार्गावरचं गाव आणि बारा किलोमीटर आतलं, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की तुटणारं गाव, असं सगळं येतं. जाहिराती असतात त्या तालुक्याच्या ठिकाणच्या लेआऊटमधल्या. तोच दर आतल्या गावाला चिकटतो.

दुसरा घोळ क्षेत्रफळाचा, आणि यात सर्वात जास्त पैसे अडकतात. शहरात फ्लॅटचा दर बांधकामावर असतो, जमिनीचा वाटा त्यातच धरलेला असतो. आपल्याकडे जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळं. ४० बाय ६० चा, म्हणजे २,४०० चौरस फुटांचा प्लॉट आणि त्यावर ९०० फुटांचं घर असेल, तर साधनात कुठला आकडा भरायचा? ९०० भरले तर १,५०० फूट मोकळं आवार, गोठा, विहीर हिशेबात येत नाही. २,४०० भरले तर अंगणालाही स्लॅबचा दर लागतो. साधन विचारत नाही, ते गृहीत धरतं.

मातीच्या घरात आणखी एक गोष्ट होते. ३० बाय २४ फुटांच्या घराचं बाहेरून माप ७२० चौरस फूट. भिंती दीड-दीड फूट जाडीच्या असतील तर आतून उरतं २७ बाय २१, म्हणजे ५६७. मधल्या भिंतींची जागा वेगळी. बाहेरच्या भिंतींनीच २१ टक्के जागा खाल्ली. फ्लॅटच्या पातळ भिंती गृहीत धरणाऱ्या साधनाला हे कळत नाही. म्हणून आतलं आणि बाहेरचं अशी दोन्ही मापं टेपने घ्या आणि फॉर्ममध्ये ‘कार्पेट’ (आतलं माप) मागितलंय की ‘बिल्टअप’ (भिंतींसकट माप), ते वाचूनच भरा.

तिसरा घोळ बांधकामाच्या प्रकाराचा. कवेलूचं घर, टिनाचं घर, धाब्याचं घर, विटा-सिमेंटच्या भिंतीवर टिनं आणि पूर्ण स्लॅबचं घर यांच्या किमतीत मोठी दरी असते. बऱ्याच साधनांत यासाठी रकानाच नसतो. ‘इंडिपेंडंट हाउस’ म्हटलं की स्लॅबचं घर धरलं जातं.

यावर एक छोटी चाचणी करता येते. तुमच्या घराची माहिती भरा आणि आकडा लिहून ठेवा. मग वय ५ ऐवजी ३० वर्षं करा. आकडा हलला नाही तर साधन वय पाहतच नाही. मग त्याच पिनमधल्या दुसऱ्या गावाचं नाव टाका. किंमत तीच आली तर ते गाव ओळखत नाही, फक्त पिन ओळखतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्या आकड्याला किती किंमत द्यायची हे यातून लगेच कळतं.

रेडी रेकनर: कशासाठी आणि कशासाठी नाही

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘बाजारमूल्य दर पत्रक’, म्हणजेच रेडी रेकनर, मोफत पाहता येतं. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावठाण, बिनशेती प्लॉट, महामार्गालगतच्या जमिनी आणि आकारणीच्या गटानुसार शेतजमीन असे वेगवेगळे दर दिसतात. शहराला लागून असलेली काही गावं ‘प्रभाव क्षेत्रात’ येतात, त्यांचे दर वेगळे. हे दर १ एप्रिलपासून लागू होतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये ते बदललेच नव्हते, १ एप्रिल २०२५ पासून वाढले.

दर असतो चौरस मीटरला, आणि आपण बोलतो चौरस फुटात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. पत्रकात ३,२०० रुपये दिसले तर फुटाला साधारण २९७ पडतात. ३,२०० हाच फुटाचा दर समजून बोलणी मोडल्याची उदाहरणं कमी नाहीत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं: १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

हा दर मुद्रांक शुल्क वसूल करण्यासाठी ठरवलेला आहे. अख्ख्या गावठाणाला एकच दर असतो, त्यामुळे बसस्टँडसमोरचं घर आणि मागच्या गल्लीतलं घर कागदावर सारखंच. काही खेड्यांत प्रत्यक्ष भाव याच्या वर असतो, काही ठिकाणी, विशेषतः आतल्या गावांत, खालीही असतो. रेडी रेकनरपेक्षा कमी किमतीत सौदा झाला तरी शुल्क साधारणपणे रेडी रेकनरवरच लागतं. दोन्हींतला फरक १० टक्क्यांच्या पलीकडे गेला तर आयकराचा प्रश्न घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही येऊ शकतो. म्हणून या दराकडे भाव म्हणून नव्हे, तर खर्चाची बाजू म्हणून पाहा.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराचं ‘भांडवली मूल्य’ छापलेलं असतं. तेही कर आकारणीसाठी काढलेलं आहे. त्यालाच घराची सरकारी किंमत समजू नका. आणखी एक: ग्रामपंचायतीचा नमुना आठ वेगळा आणि पटवाऱ्याकडचा आठ-अ वेगळा. आठ-अ हा खातेदाराच्या शेतजमिनीचा उतारा आहे.

इंडेक्स टू शोधा

विश्वास ठेवावा असा सर्वात चांगला पुरावा म्हणजे आसपासच्या झालेल्या रजिस्ट्र्या. नोंदणी व मुद्रांक विभागाच्याच ‘ई-सर्च’ या ऑनलाइन शोधात त्या मोफत शोधता येतात. ‘उर्वरित महाराष्ट्र’ हा भाग घ्या, वर्ष, जिल्हा, तालुका, गाव निवडा आणि मिळकत क्रमांकाच्या जागी खसरा किंवा गट नंबर टाका. लेआऊटमधला प्लॉट असेल तर ज्या खसऱ्यावर लेआऊट पडला तो नंबर टाकला की त्यातल्या कितीतरी विक्र्या एकत्र मिळतात. गावठाणातल्या घराला हे अवघड जातं, कारण काही दस्तांत ग्रामपंचायतीचा घर क्रमांक असतो, काहींत सिटी सर्व्हे नंबर. दोन्ही टाकून पाहा. काहीच सापडलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात शोधाचा अर्ज द्या.

इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक २, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. ती हाती आली की आधी वर पाहा दस्ताचा प्रकार. विक्रीपत्र किंवा खरेदीखत असेल तरच उपयोग. बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड बाजूला ठेवा. त्यात भाव नसतो. मग ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ हे दोन आकडे वाचा. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने काढलेली. मोबदला बाजारभावाला रुपयापर्यंत चिकटलेला असेल, किंवा वरच्या हजारात पूर्ण केलेला असेल, तर तो खरा सौदा सांगत नसण्याची शक्यता मोठी आहे. अशी नोंद वगळा. ज्या दस्तांत मोबदला बाजारभावापेक्षा स्पष्ट वर आहे, आणि त्यातही बँकेचं गहाणखत लगोलग नोंदलेलं आहे, त्या नोंदी जास्त भरवशाच्या. कर्ज काढून घेणाऱ्याला पूर्ण किंमत कागदावर दाखवावी लागते.

घेणारा-देणारा एकाच आडनावाचे, एकाच गावचे दिसले तर विचारपूस करा. काका-पुतण्यातला सौदा भावापेक्षा खाली होतो. आणि बांधाला लागून असलेला प्लॉट शेजाऱ्याने घेतला असेल तर तो कधी भावापेक्षा वरही जातो, कारण त्याला ती जागा दुसरीकडे मिळणारच नसते.

तीन चांगल्या नोंदी मिळाल्या तरी काम चालतं, पाच मिळाल्या तर उत्तम. गेल्या दीड-दोन वर्षांतल्याच घ्या.

साधनाची चूक स्वतः मोजा

आता उलटी परीक्षा घ्या. ज्या घरांचा खरा सौदा तुम्हाला खात्रीने माहीत आहे, अशी पाच घरं घ्या आणि त्यांची ऑनलाइन किंमत काढा. समजा असं आलं:

पहिलं घर: ऑनलाइन १८ लाख, सौदा १४ लाख.
दुसरं: २२ आणि २०.
तिसरं: ९ आणि १२.
चौथं: ३१ आणि १९.
पाचवं: २६ आणि २२.

ऑनलाइन आकड्यातून सौदा वजा करा, सौद्याने भागा, शंभराने गुणा. अनुक्रमे +२९, +१०, −२५, +६३ आणि +१८ टक्के येतात. चिन्ह बाजूला ठेवून लहानापासून मांडलं तर १०, १८, २५, २९, ६३. मधला २५, ही झाली मध्यक चूक. चिन्हासकट सरासरी काढली तर +१९. म्हणजे साधन या भागात एकूण चढंच सांगतं.

चढं सांगतं म्हणून सगळीकडून १९ टक्के कापून मोकळं होता येत नाही. ऑनलाइन भागिले सौदा हे प्रमाण इथे ०.७५ पासून १.६३ पर्यंत पसरलंय. म्हणजे ३० लाख दाखवलेल्या घराची खरी किंमत १८ लाखही असू शकते आणि ४० लाखही. इतक्या रुंद पट्ट्यात सौदा ठरवता येत नाही. तुमच्या गावातल्या पाचही घरांची चूक एकाच दिशेची आणि १५ टक्क्यांच्या आत असेल, तर मात्र तो आकडा दुरुस्त करून वापरायला हरकत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या मंजूर लेआऊटमध्ये असं घडू शकतं, जुन्या गावठाणात क्वचितच.

जमीन वेगळी, बांधकाम वेगळं

आता घराची किंमत स्वतः बांधा. वरचंच उदाहरण घेऊ: प्लॉट २,४०० चौरस फूट, त्यावर ९०० फुटांचं २४ वर्षं जुनं स्लॅबचं घर. ऑनलाइन साधनाने तालुक्याच्या ठिकाणचा ३,४०० रुपये फूट हा दर ९०० फुटांना लावला आणि ३०.६ लाख सांगितले. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही भरा.

जमीन: जवळच्या तीन रजिस्ट्र्या फुटाला ४२०, ४६५ आणि ५१० अशा निघाल्या. ५१० चा प्लॉट कोपऱ्याचा आणि डांबरी रस्त्यावरचा, आपला आतल्या रस्त्यावरचा. ४२० चा दस्त दीड वर्षं जुना. म्हणून आपला दर ४५० ते ५००. जमीन झाली १०.८ ते १२ लाख.

बांधकाम: आज तसंच घर बांधायला काय लागेल ते गावातल्या दोन ठेकेदारांना विचारा, मालासकट दर. समजा १,६०० रुपये फूट. ९०० फुटांचे १४.४ लाख. घर २४ वर्षांचं, म्हणून त्यातली ५५ ते ६५ टक्के किंमत उरली असं धरू: ७.९ ते ९.४ लाख. रेडी रेकनरच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही बांधकामाच्या प्रकारानुसार आणि वयानुसार घसाऱ्याचा तक्ता असतो. पडताळणीसाठी तो पाहा. स्लॅबपेक्षा अर्ध्या पक्क्या आणि कच्च्या बांधकामाची घसरण जास्त वेगाने धरतात.

बोअर, आवारभिंत, संडास-बाथरूम: ८० हजार ते १ लाख. इथे खर्च झालेली रक्कम नव्हे, तर घेणारा त्यासाठी जास्तीचं काय देईल ती रक्कम लिहा. साडेतीन लाखांचं संगमरवरी देवघर घेणाऱ्याला नको असेल तर त्याचा भाव शून्य.

बेरीज १९.५ ते २२.४ लाख. दुरुस्तीचे १.२ लाख वजा केले तर १८.३ ते २१.२ लाख. ऑनलाइन आकडा या पट्ट्याच्या वरच्या टोकापेक्षाही ४४ टक्के जास्त निघाला, आणि त्याचं कारणही सापडलं: दर दुसऱ्या गावचा आणि हिशेबाची रीत फ्लॅटची.

काळी माती, खारं पाणी, पूर

दुरुस्तीचे पैसे वजा केले ते का, हे घर पाहूनच ठरतं. आपली काळी कपाशीची माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असेल तर भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते आणि थोडी बसते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते, बहुधा टोकाकडे रुंद होत जाते. अशी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा. रुंदीही मोजा. मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये पाहा. प्लास्टरमधली केसासारखी जाळी असेल तर रंगकामाचा खर्च. खुणेच्या पुढे सरकणारी, आत-बाहेर दोन्हीकडून दिसणारी, रुपयाचं नाणं आत जाईल अशी भेग असेल तर पायाचा प्रश्न. घेणारा ते पाहून किंमत पाडणार, आणि त्याचं चुकतही नाही. नव्याने पुट्टी मारलेल्या एकट्या भिंतीकडे जास्त लक्ष द्या.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेला पट्टा आहे. तिथे बोअर असणं म्हणजे पिण्याच्या पाण्याची सोय असणं नव्हे. नळयोजना गावात आहे का, आणि उन्हाळ्यात किती दिवसाआड पाणी येतं, हे विचारल्याशिवाय बोअरची किंमत धरू नका. साधनात ‘पाणी: बोअरवेल’ लिहिलं की पाणी गोडं असो की खारं, गुण सारखेच पडतात.

वैनगंगेला २०२० च्या ऑगस्टअखेर मोठा पूर आला, तेव्हा भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या कितीतरी घरांत पाणी शिरलं. २०२२ च्या जुलैमध्येही नदीकाठच्या गावांनी पूर पाहिला. नदीकाठचं घर असेल तर भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे ते पाहा, शेजाऱ्यांना विचारा आणि पाटबंधारे विभागाने आखलेल्या निळ्या-लाल पूररेषेत जागा येते का ते तपासा. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला अडचण येते, म्हणजे ‘पाडून नवं बांधू’ या हिशेबाने घेणारा गिऱ्हाईक कमी होतो. चंद्रपूर आणि वणी भागात गावाची जमीन कोळसा खाणीसाठी अधिसूचित झाली आहे का, हेही आधी विचारावं लागतं.

कागद बदलला की किंमत बदलते

एकाच गल्लीत, सारख्याच मापाची दोन घरं, आणि भावात मोठा फरक. कारण कागद. ऑनलाइन साधन कागद पाहत नाही.

सातबारा किंवा आखीव पत्रिका (मिळकत पत्रिका) आधी हातात घ्या. भोगवटादार वर्ग-२ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही, आणि बहुतेक प्रकरणांत सरकारला नजराण्याची रक्कम भरावी लागते. तो खर्च आणि लागणारा वेळ किमतीतून जातो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार परवानगीशिवाय घेता येत नाही. गडचिरोली, मेळघाटात हे पहिल्यांदा तपासा. शहराजवळच्या नझूल (सरकारी मालकीच्या) जागेवर घर असेल तर भाडेपट्ट्याची मुदत पाहा.

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, झुडपी जंगलाचा, म्हणजे महसूल दप्तरात तशी नोंद असलेल्या जमिनींचा, प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमीनच मानल्या. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांना नियमित होण्याचा मार्ग ठेवला, नंतरच्या वाटपांची कडक छाननी सांगितली. जागा अशी आहे का हे जुना अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) पाहून कळतं. पटवाऱ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आणि भूमी अभिलेख कार्यालयात दोन्ही मागा.

लेआऊटमधल्या प्लॉटला अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा आहे का ते पाहा. शेताचे तुकडे पाडून नोटरीवर विकलेल्या प्लॉटवरचं घर कितीही देखणं असलं तरी त्याचा गिऱ्हाईक फक्त रोखीवाला असतो, कारण बँक कर्ज देत नाही. तीच गोष्ट नुसत्या नमुना आठवर असलेल्या आबादीतल्या घरांची: नमुना आठ कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत (एप्रिल २०२०) ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन जिथे मिळकत पत्रिका मिळाल्या, तिथे ही अडचण बरीच हलकी होते. पत्रिका मिळाली असेल तर त्यावरचं क्षेत्र आणि नमुना आठवरचं क्षेत्र जुळवून पाहा. फरक असेल तर पत्रिकेवरचं क्षेत्र धरूनच किंमत काढा.

महामार्गाच्या बातम्या आणि मोबदल्याचे आकडे

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि त्याच्या आसपासच्या गावांत मागणीचे दर चढले. या महामार्गावर गाडी कुठूनही चढत-उतरत नाही, फक्त इंटरचेंजवरून. इंटरचेंजपासून पंधरा किलोमीटरवर असलेल्या, पण महामार्ग शिवारातून गेलेल्या गावाला गाड्यांचा आवाज मिळतो, बाजार मिळत नाही. साधन नकाशावर सरळ अंतर मोजतं. तुम्ही गाडीच्या रस्त्याने अंतर मोजा.

भूसंपादनाचा मोबदला हाही गैरसमजाचा मोठा स्रोत आहे. २०१३ च्या कायद्यात ग्रामीण भागासाठी बाजारमूल्याला २ पर्यंतचा गुणक आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम आहे, म्हणून रक्कम चौपटीपर्यंत जाते. ही जमीन सक्तीने गेल्याची भरपाई आहे. शेजारच्या गावात एकराला इतके मिळाले म्हणून तुमचं घर घेणारा तो दर देणार नाही.

व्हॅल्युअर कधी बोलवावा

वाटणी, कोर्टातला वाद, बँकेचं कर्ज किंवा मोठ्या रकमेचा सौदा असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाकडून, म्हणजे व्हॅल्युअरकडून, लेखी अहवाल घ्या. फी आधी ठरवा आणि ती किमतीच्या टक्केवारीवर ठरवू नका. बँक स्वतःच्या पॅनेलवरचाच माणूस पाठवते आणि साधारणपणे करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी असेल ती धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के कर्ज मिळू शकतं. ऑनलाइन आकड्यावर भरवसा ठेवून बयाणा दिला आणि बँकेचं मूल्यांकन खाली आलं, तर मधला फरक रोख उभा करावा लागतो. म्हणून बयाणापत्रात कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत मिळण्याची अट लिहून घ्या, आणि बयाणा बँकेतूनच द्या. स्थावर मिळकतीसाठी २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे.

व्हॅल्युअर आला की त्याला टेपने माप घेऊ द्या, भेगा दाखवा, कागदांच्या प्रती द्या. ऑनलाइन दिसलेली किंमत किंवा तुमची अपेक्षा मात्र आधी सांगू नका, ऐकलेल्या आकड्याकडे हिशेब नकळत झुकतो. अहवाल हाती आल्यावर त्यात कोणत्या विक्र्यांशी तुलना केली ते पाहा: दस्त क्रमांक, तारीख, क्षेत्र आणि मोबदला हे चारही असायला हवेत. त्या जागी साइटवरच्या जाहिरातींची यादी जोडलेली असेल, तर तुमच्याकडच्या इंडेक्स टूच्या प्रती त्याला द्या आणि अहवाल सुधारून मागा.